मुंबईला माशांची हॅचरी हवी असेल, तर आधी पाऊस मोजूया

माझं आजोळ पनवेलजवळचं, भातशेतीचं गाव. मृगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला की रात्री ओढ्याचं पाणी बांध ओलांडून शेतात शिरायचं आणि त्या पाण्याच्या उलट दिशेने मासे वर चढायचे. खवल, शिंगटी, एखादी मरळ. पोटं गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, टम्म. आमच्याकडे याला वलगण म्हणतात. मामा बॅटरीच्या उजेडात पाग टाकायचा आणि मी बांधावर टोपली धरून उभी. एकदा मी त्याला विचारलं, आपण विहिरीत मासे सोडले त्यांना पिल्लं का होत नाहीत? तो म्हणाला, "विहिरीतला मासा गाभोळी धरतो, पण सोडत नाही. त्याला पुराचं पाणी लागतं."

मत्स्यबीज केंद्राचं, म्हणजे हॅचरीचं, निम्मं शास्त्र त्या उत्तरात आहे.

मुंबईत गोड्या पाण्यातल्या माशांची हॅचरी असावी आणि ती लोकांना आत शिरून पाहता यावी, असं मला मनापासून वाटतं. पण हा विषय निघाला की बोलणं लगेच काचेच्या बोगद्यावर, रंगीत दिव्यांवर आणि तिकिटाच्या दरावर जातं. हॅचरी म्हणजे नेमकं काय, तिला काय लागतं आणि मुंबईकडे त्यातलं काय आहे, हे आधी नीट समजून घेऊ.

रोहू, कटला, मृगळ हे आपल्याकडचे तीन मोठे मासे तळ्यात छान वाढतात, पण तळ्यात अंडी घालत नाहीत. मादीच्या पोटात अंडी तयार होतात, नर तयार असतो, आणि गाडी तिथेच अडते. नदीला पूर आला, पाणी गढूळ झालं, थोडं गार झालं, प्रवाह वाढला की माशाच्या मेंदूला इशारा मिळतो. मेंदूखाली मोहरीच्या दाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. ती इशारा मिळाल्यावर रक्तात संप्रेरक सोडते आणि मग अंडी सुटतात. तळ्यात पूर येत नाही, म्हणून इशाराही मिळत नाही.

त्यामुळे पूर्वी मत्स्यशेती करणारे लोक पावसाळ्यात नदीतून बारीक पिल्लं गाळून आणायचे. त्यात रोहूबरोबर इतर दहा जातींची पिल्लं यायची, त्यातली काही रोहूलाच खाणारी. तळ्यात काय वाढणार हे नशिबावर. ही अडचण १० जुलै १९५७ रोजी सुटली. ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी दुसऱ्या माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. म्हणूनच १० जुलै हा दिवस देशभर मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आज आपल्या ताटात रोहू-कटला येतो तो या एका इंजेक्शनमुळे, असं म्हटलं तर ते वावगं होणार नाही.

आता बहुतेक ठिकाणी ग्रंथी काढत बसत नाहीत, तयार औषध वापरतात. ओव्हाप्रिम हे त्यातलं सगळ्यात परिचित नाव. त्यात दोन गोष्टी असतात. एक, पीयूषिकेला "सोड आता" असं सांगणाऱ्या संप्रेरकाची नक्कल. दुसरी, डोम्पेरिडोन. उलटी थांबावी म्हणून डॉक्टर आपल्याला देतात तेच. माशाच्या शरीरात डोपामाइन हे रसायन त्या ग्रंथीवर ब्रेक लावून बसलेलं असतं. डोम्पेरिडोन तो ब्रेक काढतं. एक पाय ब्रेकवरून उचलायचा, दुसरा ॲक्सिलरेटरवर ठेवायचा, इतकं साधं आहे ते.

मी हे एका हॅचरीत जवळून पाहिलं आहे. संध्याकाळची वेळ. हॅचरीवाल्याने जाळ्यातून मादी काढली, ओल्या कापडात गुंडाळली, तिचं पोट अंगठ्याने हलकेच दाबून पाहिलं. मऊ लागलं तर तयार. नराचा छातीजवळचा पर चोळून पाहिला. तयार नराचा पर खरखरीत लागतो, बारीक पॉलिश पेपरसारखा. मादीला किलोमागे जेमतेम अर्धा मिलिलिटर औषध, नराला त्याहून कमी. सुई खवल्याच्या खालून तिरकी. हे सगळं मिनिटभरात उरकलं, कारण मासा बाहेर राहिला की बिथरतो. मग जोडीला गोल टाकीत सोडलं आणि पाण्याला वेग दिला. म्हणजे पूर आणला. पहाटे चारच्या सुमारास पाण्यात खळबळ उडाली, शेपट्या आपटल्याचे आवाज आले, आणि बॅटरी मारली तर पाणी साबुदाण्याने भरल्यासारखं दिसलं. रोहूचं अंडं पाण्यात फुगून साबुदाण्याच्या दाण्याएवढंच होतं.

ही अंडी चिकट नसतात आणि पुरती तरंगतही नाहीत. पाणी थांबलं की तळाशी बसतात, एकमेकांवर साचतात आणि गुदमरून मरतात. म्हणून त्यांना दुसऱ्या गोल टाकीत नेतात. या टाकीला तळाशी बदकाच्या चोचीसारख्या नळ्या असतात, त्यांतून पाणी तिरकं येतं आणि सतत गोल फिरत राहतं. मध्यभागी बारीक जाळीचा पिंप असतो. जादा पाणी जाळीतून बाहेर जातं, अंडी आतच राहतात. या पद्धतीला आपल्याकडे चायनीज हॅचरी म्हणतात. पाण्याचं तापमान २७ ते ३० अंशांच्या आसपास असेल तर १४ ते १८ तासांत अंडी फुटतात. आधी पिल्लाला स्वतःचीच शिदोरी असते, पोटाला लागलेली पिवळी पिशवी. ती साधारण तीन दिवस पुरते.

इथून पुढचे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण सगळा व्यवहार त्यांवरच चालतो. तीन-चार दिवसांचं पिल्लू म्हणजे मत्स्यजिरे. दिसतं खरोखर जिऱ्यासारखं. दोन-तीन आठवड्यांनी इंचभर झालं की मत्स्यबीज. दोन-तीन महिन्यांनी बोटाएवढं झालं की बोटुकली. मोठ्या तलावात किंवा धरणात सोडायची ती बोटुकली. जिरे सोडलं तर ते दुसऱ्या माशांचं खाद्य होतं. तीन किलोची रोहू मादी सहा लाखांच्या घरात अंडी देते. त्यातली चार लाख जगली आणि जिरे झाली असं धरा. मातीच्या तळ्यात पाणकिडे आणि बेडूक त्यांचा फडशा पाडतात, म्हणून बीज होईपर्यंत तिसरा हिस्सा उरला तरी चांगलं. बोटुकली होईपर्यंत त्यातूनही तिसरा हिस्सा कमी होतो. म्हणजे सहा लाखांचे ऐंशी-नव्वद हजार. हा नुसता ठोकताळा आहे, पण एका मादीमागे किती तळी, किती जागा आणि किती राखण लागते याचा अंदाज त्यातून येतो.

आणि वीज. त्याच हॅचरीत आदल्या वर्षी रात्री दोनला लाईट गेली होती, जनरेटरला डिझेल नव्हतं. पाणी फिरायचं थांबलं. पाऊण तासाने डिझेल आलं तेव्हा टाकीतली अंडी तळाशी पांढरी पडलेली होती. लाखो. हॅचरीवाला मला ते सांगताना टाकीच्या काठावरून हात फिरवत होता, जणू अजून तिथे काही सापडेल. मुंबईत लाईट जात नाही असं आपण म्हणतो, पण १२ ऑक्टोबर २०२० ला जवळजवळ सगळं शहर कित्येक तास विजेविना होतं. हॅचरीला दोन जनरेटर आणि उंचावरची पाण्याची टाकी हवीच, कारण त्या टाकीतून पाणी वीज नसतानाही उतारानं येत राहतं.

आता असं केंद्र आपल्याकडे व्हावं या मुंबईच्या दाव्याकडे येऊ. एखादं राज्य असं केंद्र काढायचं ठरवतं तेव्हा कोणत्या शहरात, हा प्रश्न येतोच, आणि शहरं आपापली बाजू मांडतात. आम्ही जमीन देतो, आमच्याकडे रेल्वे आहे, पाहायला इतके लोक येतील. मुंबई इथे सहज जिंकेल. १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय हे त्याचंच उदाहरण. चर्नी रोडला उतरून रांग लावलेल्या मुंबईकरांच्या दोन-तीन पिढ्या आहेत. माझ्या वडिलांनी मला तिथे खांद्यावर बसवून कासव दाखवलं होतं. २०२० मध्ये करोनाच्या साथीत ते बंद झालं आणि पुढे इमारतच धोकादायक निघाली. या शहराला मासे पाहायची हौस आहे, यात शंकाच नाही.

पण मत्स्यालय आणि हॅचरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मत्स्यालयात मासा आणून ठेवतात, हॅचरीत तो जन्माला घालून बाहेर पाठवतात. मत्स्यालयाला हजार माशांपुरतं स्वच्छ पाणी लागतं. हॅचरीला वाहतं पाणी लागतं, आणि ते वाहून जाणार कुठे याचंही उत्तर लागतं.

अमेरिकेत टेक्सास राज्यात अथेन्स नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९९६ पासून राज्य सरकारचं गोड्या पाण्याचं मत्स्यकेंद्र चालतं; एकाच आवारात हॅचरी आणि लोकांना पाहायचं मत्स्यालय. पाणबुड्या टाकीत उतरून माशांना हाताने भरवतो आणि माइकवरून मुलांशी बोलतो. मला तिथल्या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे पाणी. गावाच्या तलावातून ते घेतात आणि वापरून झालेलं बहुतेक पाणी पुन्हा त्याच तलावात सोडतात. दुसरी म्हणजे १९८६ पासून त्या राज्यात चाललेला एक उपक्रम. गळाने मासे धरणाऱ्या कुणाला १३ पौंडांचा, म्हणजे सहा किलोच्या आसपासचा, बास मासा मिळाला तर तो जिवंत हॅचरीला द्यायचा; तिथे त्याच्यापासून पिल्लं तयार करतात. लोक तिथे नुसते तिकीट काढून येत नाहीत, मासा घेऊनही येतात.

मुंबईचं पाणी मात्र आधीच तुटपुंजं आहे. तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांतून रोज ४०० कोटी लिटरच्या आसपास पाणी येतं आणि तरी मे महिन्यात कपातीच्या बातम्या येतात. पिण्याच्या पाण्यातून हॅचरी चालवा असं कोणी म्हटलं तर मीच आधी विरोध करीन. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आपल्याला ते वाचवतं, माशाचे कल्ले मात्र जाळून टाकतं. घरच्या टाकीत मासे पाळणारे पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवतात ते यासाठीच.

मग दावा कशावर करायचा? पावसावर. मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एक हेक्टर जागेवर, म्हणजे अडीच एकरांवर, दोन मीटर पाऊस पडला तर दोन कोटी लिटर पाणी होतं. आणि रोहू, कटला, मृगळ यांचा अंडी घालायचा मोसम कोणता? जून ते ऑगस्ट. वर्षातले जे तीन महिने हॅचरीला सगळ्यात जास्त पाणी लागतं, त्याच तीन महिन्यांत मुंबईला पाणी कुठे टाकू असं होतं. देशातल्या फार थोड्या मोठ्या शहरांत हा योग जुळतो. उरलेले नऊ महिने फक्त प्रजनक मासे, म्हणजे अंड्यांसाठी राखलेले नर-मादी, सांभाळायचे असतात, आणि तेवढं पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरता येतं. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो, तो विषारी. खडी किंवा प्लॅस्टिकच्या चकत्या भरलेल्या टाकीतून पाणी फिरवलं की त्यावर वाढणारे जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करतात. यंत्र कमी आणि जिवाणूंची निगा जास्त, असं ते काम आहे.

जागेचं पाहायला गेलं तर पवई सगळ्यांच्या तोंडावर येईल. तलाव आहे, पूर्वापार गळ टाकणाऱ्यांची संघटना तिथे आहे, पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत. पण पवईत सांडपाणी उतरतं, जलपर्णी माजते, आणि मगरी आहेत. काठावर बांधकामही सोपं नाही: तलावाभोवतीचा सायकल मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. विहार आणि तुळशी राष्ट्रीय उद्यानात आहेत, त्यांचं नावही काढू नये. वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्यकी शिक्षण संस्था आहे. तज्ज्ञ आणि विद्यार्थी शहरातच आहेत, ही मुंबईची फार मोठी जमेची बाजू. जागा मात्र तलावाच्या काठी नको. उंचावर, आधीच बांधलेल्या, छपरं असलेल्या जागी हवी, जिथे पाऊस छपरावरून साठवता येईल. उंचावर अशासाठी की २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तळी सखल जागी असती तर त्या दिवशी सगळे मासे मिठी नदीत गेले असते.

मासे निसटणं ही काही छोटी गोष्ट नाही. आफ्रिकन मांगूर भारतात बंदी असूनही तळ्यातळ्यांत पोचला आहे. शोभेच्या टाकीतून सुटलेला सकर मासा देशातल्या कितीतरी जलाशयांत पसरला आहे. पण मला जास्त शिकवून गेलेली गोष्ट आपल्या घराजवळची आहे, आणि ती चांगल्या हेतूने झाली.

लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटा पॉवरची महसीर माशाची हॅचरी आहे. १९७० च्या दशकापासून तिथे दख्खनच्या महसीरचं प्रजनन होतं. हा मासा आपल्या मुळा-मुठेतून सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये शास्त्रीय नाव देऊन नोंदवला होता. त्याची अंडी रोहूसारखी लाखांनी नसतात. मोजकी, मोठी, सोनेरी पिवळी. मादीचं पोट हाताने निपटून ती तबकात घ्यायची, नराचं रेत मिसळायचं, आणि तीन-चार दिवस त्यावरून स्वच्छ पाण्याची बारीक धार सोडत राहायची. कितीतरी वर्षांच्या चिकाटीचं काम आहे हे, आणि त्याबद्दल मला आदर आहे. या माशाची बोटुकली देशभर गेली, कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा एक महसीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, जगातल्या सगळ्यात मोठ्या महसीरांपैकी. लोणावळ्याचा पाहुणा तिथे इतका फोफावला की घरचा मासा मागे पडला. २०१८ मध्ये त्या कुबडवाल्या महसीरची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी ही कारणंही होतीच. पण एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडताना तेव्हा कोणी थांबून विचारलं नाही.

म्हणून मुंबईच्या अर्जात माझ्या मते पहिलं पान माशाच्या नावाचं असावं. कोणता मासा, कुठल्या नदीतून आणलेला, आणि बोटुकली सोडणार कुठे? रोहू-कटल्याचं बीज ठाणे, पालघर, रायगडमधल्या गावतळ्यांना द्यावं; आज आपल्या बाजारात हे मासे बर्फात घालून आंध्रातून येतात. त्याबरोबर उल्हास, वैतरणेच्या खोऱ्यातले देशी मासे, म्हणजे मरळ, खवल, तिथलाच महसीर, वाढवून त्याच खोऱ्यात परत सोडावेत. वलगण आता माझ्या आजोळी होत नाही. ओढ्यावर भिंत आली, शेतात इमारती आल्या. त्या माशांची घरं हॅचरी परत देऊ शकणार नाही, पण जिथे ओढा शिल्लक आहे तिथे मासा तरी देऊ शकेल.

राहिला लोकांनी पाहण्याचा प्रश्न, आणि खरी ओढाताण इथे आहे. मत्स्यालय भरतं मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत. हॅचरीत मे महिन्यात काहीच दिसत नाही. प्रजनक मासे शांत ठेवायचे असतात, त्यांना गर्दीचा आवाज आणि काचेवरची टकटक सोसत नाही. हॅचरीचा सोहळा जुलैत, पावसात, पहाटे चारला. तिकिटासाठी हॅचरीचं वेळापत्रक वाकवायचं का? अजिबात नाही. पण मला वाटतं त्याची गरजही नाही. घड्याळ मांडून पाहा. संध्याकाळी सहाला इंजेक्शन. पहाटे चारला अंडी. दुपारी बारा-एकपर्यंत अंड्याच्या पारदर्शक कवचातून पिल्लू वळवळताना डोळ्यांनी दिसायला लागतं. पांढऱ्या बशीत दोन चमचे पाणी घेतलं की भिंगही लागत नाही. शाळेची मुलं दुपारी येतात. आणि संध्याकाळी सात-आठच्या सुमारास, ऑफिस सुटून लोक येण्याच्या वेळेला, अंडी फुटायला लागतात. काचेचा बोगदा नको, एक गोल टाकी, वर मंद दिवा, कठड्याशी उभं राहायला जागा आणि शेजारी समजावून सांगणारं माणूस एवढं पुरे. हिवाळ्यात सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प मासा, दाखवता येईल. तो पूर न येताही अंडी घालतो, आणि त्याची अंडी चिकट असल्याने पाणवनस्पतींना मोत्यांसारखी लटकून राहतात. मासा मूळचा परदेशी, त्यामुळे तो टाकीतच ठेवायचा, बाहेर सोडायचा नाही.

मी त्या हॅचरीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबले होते. हॅचरीवाल्याने वाटीत पाणी घेऊन माझ्यासमोर धरलं. दहा-बारा अंडी होती. त्यातलं एक फुटलं आणि पापणीच्या केसाएवढं काहीतरी शेपूट हलवत वाटीच्या तळाशी गेलं, मग वर आलं, पुन्हा खाली गेलं. त्याने वाटी परत टाकीत ओतली आणि म्हणाला, "आता तीन दिवस यांना हात लावायचा नाही. फक्त पाणी चालू ठेवायचं."